मागचं वजन

१

"वजन! ओ वजन! चला खाली!"

गॅरेजमधून अशी हाक आली की वहिनी गॅस बंद करायच्या, चष्मा काढून डबीत ठेवायच्या आणि खुंटीवरचं हेल्मेट घेऊन जिना उतरायच्या. वर बिऱ्हाड, खाली मिस्त्रींचं मोटारसायकलींचं गॅरेज. गेली चोवीस वर्षं त्या घरात त्यांची दोन नावं होती. गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची आणि नवरा वजन म्हणायचा.

त्याला कारण होतं. 'वेगात हँडल हलतं' अशी तक्रार घेऊन गाडी आली की मिस्त्री तिची दोनदा चाचणी घेत. पहिल्यांदा एकटे आणि दुसऱ्यांदा मागे माणूस बसवून. काही गाड्या एकट्याला मुकाट नेतात, पण मागे वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं आणि सत्तर-ऐंशीला हँडल थरथरायला लागतं. ते मागचं वजन म्हणजे वहिनी. तसं कोपऱ्यात पंचावन्न किलोचं वाळूचं पोतंही होतं, पण मिस्त्री म्हणायचे, "पोतं गप्प बसतं. ही येऊन सांगते."

आणि वहिनी खरंच सांगायच्या. डोळे मिटून, हेल्मेटच्या आत देवाचं नाव घेत बसलेल्या असायच्या, पण उतरल्यावर नेमकं बोलायच्या. "थरथर मागून येतेय, पुढून नाही." किंवा, "डावीकडे जास्त हलतेय, उजवीकडे कमी." मिस्त्री त्या बाजूला पाना लावायचे आणि बहुतेक वेळा दोष तिथंच निघायचा.

या आठवड्यात मात्र गाडी घरचीच होती. लेकीची, भिंगरीची. लहानपणापासून एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून हे नाव पडलं, ते विशी उलटली तरी सुटलं नव्हतं. भिंगरीला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. लांबलांबच्या गावांतून नमुने गोळा करायचे आणि थंड पेटीतून दुपारच्या आत पोचवायचे. स्वतःची गाडी हवी, ही पहिली अट. सोमवारी हजर व्हायचं, ही दुसरी. यादीत तिच्यामागे आणखी सात जण उभे होते.

गाडी एका निवृत्त मास्तरांकडून घेतलेली, काळी, जपून वापरलेली. आवाज असा की मांजर गुरगुरावं. फक्त ऐंशीच्या पुढे गेली की हँडल हलायला लागायचं.

"रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर चावी मिळणार नाही," मिस्त्रींनी सांगून टाकलं. "दुसऱ्यांच्या पोरांना मी अशी गाडी देत नाही. माझ्या पोरीला देईन होय?"

वहिनींनी त्याच सकाळी देवापुढे दिवा लावला आणि नवस बोलल्या. हँडल स्थिर होईपर्यंत चहात साखर नाही. चहा तिघांचा एकाच पातेल्यात व्हायचा.

"आई, नवस तुझा आणि शिक्षा आम्हाला?" भिंगरीनं पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"देवाला घरचं एकमत आवडतं," वहिनी म्हणाल्या. "पी मुकाट्यानं."

२

मिस्त्रींची पद्धत कडक होती. भिंतीवरच्या काळ्या फळीवर खडूनं कारणं लिहायची आणि एकेक तपासून खोडायची. मंगळवारी फळीवर लिहिलं गेलं ते असं: हवा. टायरची झीज. चाकाचा तोल. स्पोक. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बुश. मागचे शॉकअप. पुढच्या दांड्यांतलं तेल. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत, कोनसेट. म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. ते ढिलं असलं तर हँडल वेगात नाचतं, फार आवळलं तर गाडी सरळ रेषेत चालायला तयार होत नाही.

बुधवारपर्यंत अर्धी फळी पुसली गेली. हवा बरोबर होती. पुढचा टायर एका बाजूनं कपासारखा खोलगट झिजला होता म्हणून नवा घातला. दोन स्पोक ढिले सापडले, ते ताणले. चाक फिरवून त्याच्या कडेला खडू धरला तर रेघ सारखी उमटली. मिस्त्री खूश झाले.

"आता बघ. लोण्यातून सुरी जाईल तशी जाईल."

गाडी गेली आणि ऐंशीला हँडल हललं.

याच दोन दिवसांत एक फुटकळ गोष्ट घडत होती, इतकी फुटकळ की कुणी तिच्याकडे गोष्ट म्हणून पाहिलंही नाही. मागे बसणाऱ्यानं पाय ठेवायच्या दोन फूटरेस्ट असतात ना, त्या संध्याकाळी मिस्त्री मिटवून ठेवायचे. गॅरेज अरुंद, येताजाता नडगीला लागायच्या. आणि सकाळी शटर वर केलं की त्या उघड्या असायच्या. दोन्ही.

"स्प्रिंग गेली असेल," वहिनी म्हणाल्या.

"दोन्हीकडची? एकदम?"

"जुळी असतील."

मिस्त्री हसले आणि गुरुवारी दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. नव्या इतक्या कडक होत्या की फूटरेस्ट खाली करायला अंगठा लावून जोर द्यावा लागायचा. शुक्रवारी सकाळी शटर वर गेलं. फूटरेस्ट उघड्या होत्या.

मिस्त्रींनी त्या मिटवल्या, एक शब्द न बोलता. वहिनींना तेवढं एक जरा खटकलं. हा माणूस पाना हातातून पडला तरी पाच मिनिटं त्याच्याशी भांडतो.

३

"वजन! चला!"

दुसरी चाचणी. गावाबाहेर कालव्याच्या कडेनं चार किलोमीटर सरळसोट रस्ता होता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सरूची रांग. वहिनी मागे बसल्या, हात नवऱ्याच्या कमरेला, पाय त्याच फूटरेस्टवर. गाडीनं साठ गाठले, सत्तर, ऐंशी. वहिनींनी डोळे मिटले आणि वाट पाहिली.

काही नाही. नव्वद. तरी काही नाही. गाडी अशी चालली होती की मांडीवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता.

पुलाशी थांबल्यावर मिस्त्रींनी हेल्मेट काढलं आणि डोकं खाजवलं. "उलटंच आहे की! वजन पडलं की गाडी बिघडायला पाहिजे. तू बसलीस आणि ही सुधारली?"

"माझ्या हाताला गुण आहे."

"हाताचा काय संबंध? तू काय हातांवर बसतेस?"

दोघं हसले. मग वहिनी उतरायला गेल्या आणि त्यांना उतरता येईना. मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. नुसत्या मुंग्या नाहीत, पार बधिर. भिंगरी लहान असताना मांडीवर झोपायची आणि तासाभरानं उठवलं की पाय जसे परके वाटायचे, तसे. वहिनी गाडीला धरून उभ्या राहिल्या आणि पाय झटकले.

"वय झालं," त्या म्हणाल्या. मग मनात हिशेब केला, आपण बसलो किती वेळ? सहा मिनिटं.

४

शनिवारी सकाळी मिस्त्रींनी टेप काढली. मागचे शॉकअप किती दबतात हे मोजायचं होतं. मागची बाजू फार खाली बसली तर पुढचं चाक हलकं होऊन हँडल नाचतं, म्हणून फळीवर हे शेवटचं कारण उरलं होतं.

गाडी मधल्या स्टँडवरून खाली घेतली. पुढचं चाक भिंतीला टेकवलं. मिस्त्रींनी मागच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावली. वहिनींनी वहीत आकडा लिहिला.

"आता पोतं."

पंचावन्न किलोचं पोतं दोघांनी मिळून पुढच्या सीटवर चढवलं. गाडी एकवीस मिलिमीटर खाली बसली.

"छान. जितकी बसायला हवी तितकीच. आता भिंगरी, तू ये. तुझं वजन किती?"

"बाबा, हा काय प्रश्न आहे?"

"मिस्त्री विचारतोय, बाप नाही."

"पंचावन्न. आणि हे कुणाला सांगितलं तर बघा."

भिंगरी बसली, पाय वर घेतले, तोल राहावा म्हणून भिंतीला बोटं टेकली. मिस्त्री टेप घेऊन वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"बत्तीस."

"एकवीस म्हणायचंय ना?"

"मला आकडे वाचता येतात."

भिंगरीला उतरवलं. पोतं चढवलं. एकवीस. पोतं उतरवलं, भिंगरीला बसवलं. बत्तीस. भिंगरीला घरातल्या वजनकाट्यावर उभं केलं. पंचावन्न, त्यातही चपला धरून. मग मिस्त्री स्वतः बसले आणि वहिनींनी टेप धरली. त्यांच्या वजनाला जितकी दबायला हवी त्यापेक्षा गाडी अकरा मिलिमीटर जास्त दबली.

"म्हणजे पोत्याला ही गाडी खरं सांगते आणि माणसाला खोटं," भिंगरी म्हणाली. "बाबा, हिला पोत्यालाच विकून टाका."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी फळीवर भागाकार मांडला होता. अकरा मिलिमीटर म्हणजे साधारण अठ्ठावीस किलो. आकड्याखाली त्यांनी रेघ ओढली आणि खडू ठेवताना तो खाली पडला, तरी उचलला नाही.

वहिनींनी तो आकडा पाहिला. अठ्ठावीस किलो. एवढं वजन शाळेत जाणाऱ्या लेकराचं असतं. किंवा आजारानं, वयानं वाळून गेलेल्या म्हाताऱ्या बाईचं. स्वतःच्याच विचाराचा त्यांना राग आला. देव मानणं वेगळं आणि शॉकअपमध्ये भलतंसलतं पाहणं वेगळं. शॉकअप लोखंडाचा, लोखंड उन्हात पसरतं, टेप जुनी आहे, भिंगरी बसताना धसमुसळेपणा करते. अशी सात-आठ कारणं त्यांनी मनातल्या मनात मांडली. मग लक्षात आलं की पोत्याला यातलं एकही लागू पडत नाही.

पोत्याच्या मागे बसायला कुणाला आवडेल?

हा विचार कुठून आला ते त्यांना कळलं नाही. त्या वर गेल्या आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

५

मिस्त्रींनी दुपारी मास्तरांना फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे वहिनींनाही ऐकू येत होतं.

"मास्तर, ऐंशीच्या पुढे तुमचा अनुभव काय?"

"ऐंशीच्या पुढे?" मास्तर गोड हसले. "छे हो. मी साठचा माणूस. एकदा गेलो होतो फक्त. मग नाही गेलो."

"हँडल हललं?"

पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"गाडीत दोष नाही, मिस्त्री. शप्पथ. तुमच्यापासून मी काही लपवलं असेल तर..." मास्तर थांबले. "त्या मागच्या फूटरेस्ट मिटवू नका तेवढ्या. उघड्याच राहू द्या."

"का?"

"राहू द्या हो. तुमचं काय जातंय?" मग आवाज एकदम हळवा झाला. परगावी शिकायला गेलेल्या लेकराची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "कशी आहे? बरी आहे ना तिकडे? उन्हात नाही ना ठेवत?"

"गाडी?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो, हो. गाडीच," मास्तर घाईनं म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

६

रविवारी दहा वाजता तिघंही कालव्यावर गेले. मिस्त्रींनी पहाटेपासून कोनसेट दुसऱ्यांदा खोलून नवं बेअरिंग बसवलं होतं. त्यांनी भिंगरीकडून पुन्हा सगळं घोकून घेतलं.

"हँडल हललं तर?"

"घट्ट धरायचं नाही. जितकं आवळावं तितकं ते जास्त नाचतं. मूठ सैल, गुडघे टाकीला दाबून, अंग पुढे."

"ब्रेक?"

"हात लावायचा नाही. वेग हळूहळू कमी करायचा."

"आणि?"

"आणि आईचा देव."

"तो मी सांगितलेला नाही," मिस्त्री म्हणाले, "पण चालेल."

वहिनी पुलाच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. भिंगरी लांबवर वळली आणि वेग घेत समोरून आली, शेजारून गेली. ऊन चांगलं होतं, रस्ता मोकळा. गाडी पाठमोरी झाली आणि हलायला लागली.

आजवर वहिनींनी हे हलणं फक्त बसून अनुभवलं होतं, डोळे मिटून. उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. आणि पाहताक्षणी त्यांना कळलं की काहीतरी चुकतंय. सैल बेअरिंगची थरथर शिलाई मशीनसारखी असते, टाक्यावर टाका, एका मापाची. ही तशी नव्हती. ही जरा यायची, थांबायची. डावीकडे झुकायची, जणू कुणी डावीकडून पुढे डोकावून पाहिलं. मग घाईनं उजवीकडे. मग दोन्ही बाजूंना चुळबुळ. हे चाकाचं हलणं नव्हतं. बसणाऱ्याचं होतं. चोवीस वर्षं मागचं वजन होऊन राहिलेल्या बाईला ते ओळखायला टेप लागली नाही.

भिंगरी परत आली. चेहरा लाल, पण हसरा.

"हललं, पण थांबवलं! बाबांनी सांगितलं तसंच केलं. वारा मात्र केवढा, बाई! शर्ट मागून नुसता ओढत होता."

वहिनी तिच्या मागे गेल्या, शर्ट नीट करायच्या निमित्तानं. वाऱ्यानं शर्ट फुगतो. हा फुगलेला नव्हता. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या जरा खाली, कापड चुरगाळलं होतं. दोन जागी. ओलं फडकं पिळून सोडावं तशा गोल सुरकुत्या. वहिनींनी त्यावर हात फिरवला. कापड तिथं गार होतं.

"काय गं आई?"

"काही नाही. इस्त्री नीट कर जरा."

मिस्त्री दूर उभे राहून हात पुसत होते, पुसून झालेले. "नाही," ते म्हणाले. "चावी नाही मिळणार."

"बाबा, मी थांबवलं ना!"

"आज थांबलं. मागून ट्रक असताना नाही थांबलं तर? मला नाही कळत या गाडीत काय आहे. आणि मला कळत नाही ती गाडी मी देत नाही."

"मग उद्या मी काय करू? रक्ताच्या बाटल्या डोक्यावर घेऊन पळत जाऊ?" भिंगरी हसायला गेली, पण आवाज मध्येच फाटला. "दोन वर्षं वाट पाहिली, बाबा. दोन वर्षं."

भिंगरीनं हेल्मेट पुन्हा घातलं, त्याची गरज नसताना, आणि काच खाली ओढली.

७

दुपारी वर जेवणं झाली, एकमेकांकडे न पाहता. बापलेक दोन खोल्यांत जाऊन पडले. वहिनी जिना उतरल्या.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. उन्हाची एक पट्टी जमिनीवरून गाडीच्या चाकापर्यंत आली होती. तेलाचा, रबराचा वास. भिंतीवर पाने आपापल्या जागी, फळीवर तो भागाकार. फूटरेस्ट मिटलेल्या होत्या, मिस्त्रींनी सवयीनं मिटवल्या असणार.

वहिनी गाडीपासून चार हातांवर थांबल्या.

आपण हे काय करतोय? एका रिकाम्या सीटशी बोलायला आलोय. कुणी पाहिलं तर काय म्हणेल? आणि न पाहता कुणी ऐकलं तर? त्यांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि नेहमीचं, पाठ असलेलं नाव मध्येच अडखळलं.

पण मांड्या आठवल्या. त्या दिवशीच्या मुंग्या आठवल्या. मी बसले तेव्हा गाडी हलली नाही. मग मी बसले तेव्हा ते होतं कुठं?

ते माझ्या मांडीवर होतं. आणि तिथं घाबरलं नाही.

भीती गेली असं नाही, पण तिच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. चोवीस वर्षांपूर्वी वहिनी पहिल्यांदा मिस्त्रींच्या मागे बसल्या होत्या, लग्नाला आठवडा झाला होता. ऐंशीला त्यांचा जीव इतका घाबरा झाला की त्यांनी सारखी चुळबुळ केली, एकदा या खांद्यावरून डोकावल्या, एकदा त्या. हँडल नाचलं. मिस्त्रींनी दोन दिवस खपून आख्खा पुढचा भाग खोलला, कोनसेट बदलला, गिऱ्हाइकाला बोल लावले. दोष बायकोत आहे हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. आणि वहिनींनी ते आजतागायत सांगितलं नव्हतं. हात कुठं ठेवायचे, एवढं एक कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, दुसरं काही नाही.

त्या पुढे झाल्या आणि मागच्या सीटवर तळवा ठेवला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. शब्द घरातलेच होते. "तू कोण, कुणाचं, मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर देवाला सांग. मी एवढंच सांगते, की घाबरायचं नाही. पहिल्यांदा मीपण घाबरले होते."

वर कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला.

"शर्ट धरायचा नाही. शर्ट सरकतो, मग जास्त भीती वाटते. कमरेला धरायचं, दोन्ही हातांनी. पुढे काय येतंय ते डोकावून बघायचं नाही, ते बघायला ती आहे. ती वळली की तिच्याबरोबर वळायचं, उलट्या बाजूला ओढायचं नाही. फारच भीती वाटली तर डोळे मीट. मीही मिटते. पण हात सोडायचे नाहीत." त्या थांबल्या. "आणि माझी लेक आहे ती. एकुलती एक. एवढं लक्षात ठेव."

टक.

डावीकडची फूटरेस्ट खाली आली होती.

वहिनींनी हात काढला नाही. काढावासा फार वाटला.

टक. उजवीकडची.

मग मागचे शॉकअप अगदी हळू, सुस्कारा टाकावा तसे, खाली बसले. आणि सीटवर त्यांच्या बोटांखालचं रेक्झिन एका बाजूला किंचित सरकलं. जणू कुणी त्यांच्या हाताला जागा करून दिली.

वहिनी जिना चढून वर गेल्या. किती पायऱ्या होत्या, त्यांना नंतर सांगता आलं नसतं. वर जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि भिंगरीच्या खोलीचं दार वाजवलं.

"ऊठ. एक चक्कर मारून ये."

"बाबा नको म्हणालेत."

"बाबांना मी बघते. आणि जॅकेट घाल, शर्टावर जाऊ नको."

८

चार वाजता भिंगरी ऐंशीनं गेली. मग नव्वदनं. मिस्त्री पुलावर उभे राहून पाहत होते, आणि गाडी त्यांच्यासमोरून पाण्यावरून बदक जावं तशी गेली. परत येऊन भिंगरी बापाच्या गळ्यातच पडली.

"कोनसेट बसला शेवटी!" मिस्त्री ओरडले. "नवं बेअरिंग जागेवर बसायला वेळ घेतं, मी म्हणालोच होतो!"

"तुम्ही कधी म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"मनात."

वहिनींनी कौतुकानं मान डोलावली. चोवीस वर्षांपूर्वी कोनसेटला फुकटचा दोष मिळाला होता, एकदा फुकटचं श्रेयही मिळू दे. त्या संध्याकाळी चहात साखर पडली, तिप्पट.

पण झोपायच्या आधी देवापुढे बसल्यावर त्यांचे हात बराच वेळ जोडलेलेच राहिले. आपण पोरीला कुणाबरोबर पाठवतोय? नको म्हणायला अजून वेळ आहे. मग त्यांना ते सीटवर जागा करून देणं आठवलं. बाजूला सरकून जागा देणारं कुणाचं वाईट करेल असं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी लेकीसाठी मागितलं तेच, शब्द न बदलता, आणखी एकासाठी मागितलं. नाव माहीत नव्हतं. देवाला माहीत असेल.

सोमवारी सकाळी सात वाजता गल्लीत कोवळं ऊन होतं. थंड पेटी मागच्या कॅरिअरला पक्की बांधलेली, सीट मोकळी. भिंगरीनं हेल्मेटचा पट्टा लावला. मिस्त्री दहाव्यांदा बजावत होते.

"गावात असो की हमरस्त्यावर, हँडलवरचा हात सोडायचा नाही. निरोपाला हात हलवायचा तर इथं हलवून घे. गाडी चालू झाली की दोन्ही हात मुठींवर."

"हो बाबा."

"मागे वळून बघायचं नाही."

"हो बाबा!"

"पोचलीस की फोन."

"बाबा, मी आता पोचायलाच निघतेय. निघू द्या!"

वहिनींनी तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. मग वाकून मागच्या सीटवरची नसलेली धूळ हातानं पुसली. मिस्त्रींनी ते पाहिलं.

गाडी निघाली. मांजराच्या गुरगुरीसारखा आवाज गल्लीभर पसरला. वहिनी दारात उभ्या राहून हात हलवत राहिल्या. भिंगरी शहाण्या मुलीसारखी समोर बघत होती. दोन्ही कोपरं बाहेर, दोन्ही हातमोजे मुठींवर, उजवा आणि डावा. सकाळच्या उन्हात ते पांढरे हातमोजे स्वच्छ दिसत होते. जॅकेट मात्र कमरेपाशी दोन्ही बाजूंनी आत ओढलं गेलं होतं, अगदी व्यवस्थित.

कोपऱ्यावर गाडी सावकाश झुकली आणि वळली. आणि वळता वळता, गाडीवरून, कुणीतरी हात हलवला. लहानसा. पटकन. हलवला आणि लगेच परत कमरेला धरला.

"बघितलंस?" मिस्त्री तापले. "बघितलंस ना? कानीकपाळी ओरडून सांगितलं, हात सोडू नको, आणि पहिल्याच वळणावर..."

ते मध्येच थांबले. त्यांचे ओठ हलले. डावा. उजवा. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात एखादी गोष्ट मोजायची राहू दिली नव्हती. त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले. "मग तो हात..."

वहिनींचा हात अजून वरच होता. काळजात धडधडत होतं आणि ओठांवर हसू होतं, आणि दोन्ही खरं होतं.

"असे बघत काय राहिलात?" त्या म्हणाल्या. "हात हलवा ना तुम्हीपण. वाईट वाटेल त्याला."